सासूबाई शिराझला, आम्ही न्यू जर्सीत: असायलमवर असताना आईला भेटण्याचा प्रवास

माझा नवरा इराणचा, शिराझचा, बहाई या तिथल्या अल्पसंख्य धर्माच्या कुटुंबातला. इराणमध्ये बहाई मुलांना विद्यापीठाचं दार बंद असतं. १९९१ सालच्या एका सरकारी टिपणात तर लिहूनच ठेवलंय की विद्यार्थी बहाई आहे असं कळलं की त्याला काढून टाकावं. त्याचे काका पूर्वी पाचगणीच्या न्यू एरा शाळेत शिकलेले, म्हणून घरच्यांना महाराष्ट्र माहीत होता. तो पुण्यात बी.एस्सी.ला आला, पुढे एम.एस.साठी अमेरिकेत गेला आणि तिथे त्याने आश्रय मागितला. नोव्हेंबर २०१९मध्ये त्याला असायलम, म्हणजे हा आश्रय, मिळालं. आमचं लग्न त्यानंतर झालं. हे मुद्दाम सांगते, कारण आश्रय मंजूर होण्याआधी लग्न झालेलं असेल तरच जोडीदाराला त्याच्याबरोबर तो दर्जा मिळतो. माझं सगळं एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, भारतीय पासपोर्टवर. त्यामुळे एकाच घरात राहूनही मला मायदेशी जाता येत होतं आणि त्याला नव्हतं.

हे लिहायचं कारण असं की अफगाण, नेपाळी किंवा इराणी नवरा असलेल्या मराठी मुली मला इथे भेटतात आणि थोड्या वेळाने आवाज खाली करून तोच प्रश्न विचारतात: "त्याचे आईवडील थकलेत. एकदाच जाऊन आला तर काय होईल?" मी वकील नाही. आम्ही काय केलं, तेवढंच सांगते.

जुलै २०२१मध्ये पहाटे नणंदेचा फोन आला. सासूबाई अंगणात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. वय ७४, त्यात साखर. नवरा दिवसभर फोन हातात घेऊन बसून होता. रात्री कपाटातून त्याने जुना इराणी पासपोर्ट काढला. त्याची मुदत आदल्या वर्षीच संपली होती. अमेरिकेत इराणचा दूतावास नाही. वॉशिंग्टनमध्ये पाकिस्तानच्या दूतावासाच्या छत्राखाली इराणचं एक कार्यालय चालतं, तिथून पासपोर्टचं नूतनीकरण होतं. तो अर्ज त्याने उघडूनही ठेवला होता.

पुढच्या चार दिवसांत ओळखीच्या इराणी मंडळींचे सल्ले सुरू झाले. अरे, सगळे जातात. दुबईमार्गे जा, तिथून वेगळं तिकीट काढ. पासपोर्टवर शिक्का मारू नका अशी विनंती कर. दोन आठवड्यांत परत ये, इथे कोणाला कळणार आहे? हे सांगणारी माणसं वाईट नव्हती. काही जण खरोखरच जाऊन आले होते. पण त्यातल्या कोणाचीही आश्रयाची केस धर्मावर उभी नव्हती, आणि त्यांच्यापैकी कोणाला पुढे नागरिकत्वाच्या वेळी काय विचारलं जाईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आम्ही एका वकीलबाईंची वेळ घेतली. तासाचे १५० डॉलर, आणि आजवर खर्च केलेल्या पैशांतले ते सर्वांत सार्थकी लागलेले. त्यांनी आधी आईची चौकशी केली, मग पासपोर्टचा अर्ज न करण्याची कारणं एकेक करून समजावली.

पहिली गोष्ट, असायलम म्हणजे कायमचा शिक्का नव्हे. ते रद्द होऊ शकतं. १९५१च्या निर्वासित करारातच लिहिलंय की ज्या देशाच्या भीतीने माणूस बाहेर पडला, त्याच देशाचं संरक्षण त्याने आपणहून पुन्हा घेतलं तर निर्वासितपण संपू शकतं. अमेरिकेच्या कायद्यातही याच धर्तीची तरतूद आहे. एका भेटीने दर्जा आपोआप जात नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण ती भेट तुमच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसते. अधिकारी सरळ विचारू शकतो: जिथे पकडतील, छळतील असं तुम्ही शपथेवर सांगितलंत, तिथे तुम्ही सुट्टीला गेलात आणि सुखरूप परत आलात, मग तेव्हा सांगितलेलं खरं होतं का? म्हणजे प्रश्न त्या दोन आठवड्यांपुरता राहत नाही, मूळ केसच उकरली जाते. आणि तिकडच्या सरकारकडून नवा पासपोर्ट घेणं हेसुद्धा त्याच खात्यात जमा होतं, मग प्रवास करा वा न करा.

मरणाला टेकलेल्या आईसाठी गेलो, असं कारण असेल तर? नवऱ्याने विचारलंच. त्या म्हणाल्या, असं कारण अधिकारी ऐकून घेतात, कधी मानतातही, पण आधी कोणी हमी देत नाही. ज्यांचा आश्रयाचा अर्ज अजून प्रलंबित आहे त्यांची स्थिती तर याहून नाजूक. परवानगी घेऊन बाहेर पडले आणि मायदेशी गेले, तर सबळ कारण दाखवल्याशिवाय त्यांनी अर्ज सोडून दिला असंच धरलं जातं.

दुसरी गोष्ट तिकडची. तेहरानच्या विमानतळावर पासपोर्ट काढून घेतला आणि चौकशीला बोलावलं तर मागे कोण उभं राहणार? १९८० पासून अमेरिकेचा तिथे दूतावास नाही. स्वित्झर्लंड जे थोडंफार काम बघतं ते अमेरिकी नागरिकांसाठी, आणि नवरा तर नागरिकही नव्हता. इराणच्या दृष्टीने तो फक्त इराणी.

घरी येताना गाडीत आम्ही दोघंही बोललो नाही. रात्री त्याने तो अर्ज बंद केला.

वकीलबाईंनी दिलेला रस्ता असा होता: रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढायचं आणि आईला तिसऱ्याच देशात भेटायचं. पासपोर्टसारखी दिसणारी ही पुस्तिका अमेरिकेचं सरकार देतं, मुदत फक्त एक वर्ष, वाढवून मिळत नाही. अर्ज आय-१३१. तेव्हा फी १३५ डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५, एकूण २२०. दोन फोटो, असायलम मंजुरीच्या पत्राची प्रत, ओळखपत्र. वकीलबाईंनी अर्ज तपासून द्यायचे वेगळे ३०० घेतले.

या अर्जात निर्वासितांसाठी एक वेगळा भाग आहे, तो नीट वाचा. कोणत्या देशामुळे आश्रय घेतला ते लिहायचं आणि लगेच खाली हो-नाहीचे चौकोन: त्या देशात जायचा विचार आहे का? दर्जा मिळाल्यापासून तिथे परत गेला आहात का? तिथला पासपोर्ट, त्याचं नूतनीकरण किंवा प्रवेशाचा परवाना मागितला वा घेतला आहे का? त्या देशाकडून आरोग्य विम्यासारखा काही लाभ घेतला आहे का? नवरा पेन घेऊन त्या चौकोनांसमोर बराच वेळ बसला होता. सगळीकडे 'नाही' अशी खूण करता आली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जुलैतल्या त्या रात्री आम्ही कशाच्या किती जवळ गेलो होतो.

ऑक्टोबर २०२१मध्ये अर्ज टाकला. पावती तीन आठवड्यांत आली, ठशांचं बोलावणं जानेवारीत. ठसे अमेरिकेतच द्यावे लागतात, म्हणून त्या काळात देशाबाहेरचं काहीही ठरवू नका. मधल्या काळात इस्पितळाचे कागद जोडून लवकर निकाल द्यावा अशी विनंती केली. फारसी कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे' असं सही करून द्यावं लागतं. आम्ही एका ओळखीच्या बाईंकडून पानाला २० डॉलर देऊन ते करून घेतलं. विनंती नामंजूर झाली. कारण दोन ओळींचं होतं, त्यातून कळण्यासारखं काही नव्हतं.

तुमच्या माणसाला असायलम मिळालं असेल आणि मायदेशी म्हातारे आईवडील असतील, तर कोणी आजारी पडायची वाट पाहू नका. काही ठरलेलं नसतानाच ही पुस्तिका काढून ठेवा. वर्षभराने फुकट गेली तर फक्त फी गेली. इस्पितळातून फोन आल्यावर अर्ज भरायला बसलात तर ती कधी हातात येईल याचा भरवसा नाही.

फेब्रुवारी २०२२मध्ये मी मावसभावाच्या लग्नाला पुण्याला आले, एकटीच. सगळ्यांनी विचारलं, जावई कुठेत? त्याला पुण्यात आणता येईल का, सासूबाईंनाही तिथेच बोलवावं का, हे आम्ही आधी तपासलं होतं. भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही आणि ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर भारताचा ई-व्हिसा मिळत नाही; वकिलातीतून नेहमीचा व्हिसा काढावा लागतो. शिवाय तेव्हा त्याच्या हातात पुस्तिकाच नव्हती. ज्या शहरात तो तीन वर्षं राहिला, जिथल्या इराणी हॉटेलात बनमस्का खायला मला घेऊन गेला, तिथल्या मांडवातून मी त्याला व्हिडिओ कॉलवर अक्षता दाखवत होते. माझ्या आईने फोन हातात घेऊन त्याला विचारलं, "जेवलास का रे?" आणि त्याने मराठीत उत्तर दिलं. मला तिथे उभं राहवेना.

तिकडे सासूबाई वॉकर धरून चालायला लागल्या होत्या. पण २०२२चा उत्तरार्ध फार वाईट गेला. ऑगस्टमध्ये माझंदरान प्रांतातल्या रोशनकूह गावात बहाई कुटुंबांची घरं बुलडोझरने पाडली. सप्टेंबरमध्ये हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा कोठडीत मृत्यू झाला आणि सगळा देश रस्त्यावर उतरला. इंटरनेट सारखं बंद पडायचं, दोन दोन दिवस फोन लागायचा नाही. दुबईमार्गे जा म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्यानंतर तो विषय काढला नाही.

पुस्तिका आली नोव्हेंबर २०२२मध्ये, अर्ज टाकल्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर. ती एक वर्षाची असली तरी प्रत्यक्षात वर्षभर वापरता येत नाही. तुर्कस्तानला व्हिसाच्या मुदतीनंतर आणखी ६० दिवस वैध असलेलं कागदपत्र लागतं, शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) परतीच्या तारखेनंतर तीन महिने. म्हणजे हातात येताच कामाला लागायचं.

देश निवडताना दोन बाजू बघाव्या लागतात. आईला तिथे सहज जाता आलं पाहिजे आणि मुलाला तिथला व्हिसा मिळाला पाहिजे. इराणी लोकांना तुर्कस्तानात ९० दिवस व्हिसा लागत नाही, शिराझहून थेट इस्तंबूलचं विमान मिळत होतं. नवऱ्याच्या मनात व्हान होतं, इराणच्या सीमेजवळचं शहर, स्वस्त आणि इराणी पर्यटकांनी भरलेलं. वकीलबाईंनी मान हलवली. सीमेपासून जितकं लांब राहता येईल तितकं राहा, इराणी वकिलातीच्या आसपास फिरू नका, फेसबुक-इन्स्टाग्रामवर एकही फोटो टाकू नका. २०२०मध्ये हबीब चाब नावाच्या स्वीडिश-इराणी राजकीय नेत्याला इस्तंबूलमधून पळवून इराणला नेलं होतं. माझा नवरा राजकारणात नाही, त्याला कोणी शोधत असेल असंही नाही. पण तिसरा देश म्हणजे सुरक्षित देश असं समजून चालू नये, एवढं आम्ही मनात धरलं. आम्ही परतल्यावर महिनाभरातच, मे २०२३मध्ये, चाब यांना फाशी दिल्याची बातमी आली. ती वाचून नवऱ्याने फोन उलटा ठेवला.

मला अमेरिकी व्हिसाच्या जोरावर तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. त्याला न्यूयॉर्कच्या वकिलातीतून घ्यावा लागला: हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, बँकेचे कागद, नोकरीचं पत्र, प्रवास विमा, आईच्या पासपोर्टची प्रत. सहा आठवडे लागले. रद्द करता येईल असंच बुकिंग करा, थोडं महाग पडलं तरी. ६ फेब्रुवारी २०२३ला दक्षिण तुर्कस्तानात तो भयंकर भूकंप झाला, तेव्हा आम्ही जावं की नाही यावर आठवडाभर घालवला. इस्तंबूल तिथून खूप लांब, म्हणून एप्रिलची तारीख ठेवली. दोघांची तिकिटं २,१०० डॉलरच्या आसपास. नणंद सासूबाईंना घेऊन येणार होती. फोनवर आम्ही असायलम हा शब्द कधीच उच्चारला नाही. शेजाऱ्यांना सासूबाईंनी सांगितलं होतं की मुलीबरोबर खरेदीला चालले आहे.

निघताना विमान कंपनीच्या काउंटरवरच अडलो. तिथल्या मुलीने ही पुस्तिका कधी पाहिलेली नव्हती. "पासपोर्ट कुठे आहे?" हे तिने तीनदा विचारलं. मग वरिष्ठ आले, फोन झाले, पाऊण तास गेला. त्यामुळे चार तास आधी पोहोचा, व्हिसाचं पान उघडून हातात द्या आणि आवाज चढवू नका. इस्तंबूलला उतरल्यावर मात्र दोन मिनिटांत शिक्का पडला.

लिफ्ट असलेली इमारत बघून आम्ही फ्लॅट घेतला होता. सासूबाईंना मी पहिल्यांदाच भेटत होते. माझी फारसी मोडकीतोडकी, त्यांना इंग्रजी येत नाही. त्या आल्या, मुलाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आणि मग माझ्याकडे वळून माझंही तोंड तसंच हातात धरलं. एप्रिल म्हणजे शिराझमध्ये नारंगीच्या फुलांचा बहर. त्यांनी अंगणातल्या झाडाची फुलं वाळवून कापडी पिशवीत भरून आणली होती. रोज सकाळी चहाच्या किटलीत चिमूटभर टाकायच्या. वॉकर घेऊन त्या खोलीभर फिरायच्या आणि मला भात करायला शिकवायच्या, तळाला खरपूस थर धरेपर्यंत झाकण उघडू द्यायच्या नाहीत.

एका संध्याकाळी त्यांनी ती पुस्तिका मागितली. चष्मा लावून पानं उलटली, तुर्की शिक्का पाहिला, फोटोवर बोट ठेवलं. "यावर कुठेही जाता येतं?" नवरा म्हणाला, व्हिसा मिळाला तर बऱ्याच ठिकाणी. "आणि घरी?" तो काहीच बोलला नाही. नणंदेने चहा आणला. सासूबाईंनी पुस्तिका मिटून त्याच्या शर्टाच्या खिशात नीट ठेवली आणि म्हणाल्या, मग जपून ठेव, हरवू नकोस.

निरोपाबद्दल मी लिहिणार नाही.

परत येताना अमेरिकेच्या विमानतळावर त्याला बाजूच्या खोलीत नेलं. हे होईल असं वकीलबाईंनी सांगून ठेवलंच होतं. कुठे गेला होता, का, कोणाला भेटला, इराणमध्ये गेला होता का, इराणी पासपोर्ट आहे का? आम्ही एक फाईल बरोबर ठेवली होती: सगळे बोर्डिंग पास, फ्लॅटची पावती, रोजच्या दुकानांची बिलं, सासूबाईंच्या पासपोर्टवरच्या तुर्की शिक्क्याचा फोटो. अधिकाऱ्याने शांतपणे सगळं पाहिलं, जुना मुदत संपलेला इराणी पासपोर्ट घरी आहे हेही लिहून घेतलं. सुमारे दीड तासाने तो बाहेर आला. ही फाईल करणं सोपं आहे, विमानातच सुरू करा. आपण कुठे होतो याचा पुरावा नंतर गोळा करणं फार अवघड जातं.

त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज, आय-४८५, २०२१पासून चालूच होता. सप्टेंबर २०२३मध्ये मुलाखतीचं पत्र आलं. तिथे असायलम मिळाल्यापासूनचे सगळे परदेश प्रवास तारखांसह विचारले. एकच होता. त्याने सांगितलं, फाईल पुढे केली, अधिकाऱ्याने दोन कागद ठेवून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला. जानेवारी २०२४मध्ये कार्ड आलं. असायलमवरून मिळणाऱ्या कार्डावर तारीख एक वर्ष मागची असते, त्यामुळे नागरिकत्वाच्या पाच वर्षांतलं एक आधीच सरतं.

कार्ड आल्यावर इथल्या आमच्या मराठी मित्रमंडळींनी पेढे मागितले आणि म्हणाले, चला, आता शिराझ! पण असं होत नाही. कार्ड असायलमच्या पायावर उभं आहे. आता इराणला गेला तर तोच प्रश्न पुन्हा येऊ शकतो की मुळातली भीती खरी होती का. नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४००मध्ये, गेल्या पाच वर्षांतले २४ तासांपेक्षा मोठे सगळे प्रवास लिहावे लागतात, त्यात काही लपत नाही. आणि अमेरिकी नागरिक झाल्यावरही इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिथे पाय ठेवला की तो पुन्हा फक्त इराणी, आणि बहाई. हे मी त्याच्या मित्रांना समजावून सांगते, कारण त्याला ते दरवेळी स्वतः सांगावं लागू नये असं मला वाटतं.

ग्रीन कार्ड असलं तरी इराणी पासपोर्ट घ्यायचा नाही म्हणजे प्रवासाला पुस्तिकाच लागणार. पहिलीची मुदत नोव्हेंबर २०२३मध्ये संपली. १ एप्रिल २०२४पासून फी बदलून १६ वर्षांवरच्यांसाठी १६५ डॉलर झाली आहे, त्यात ठशांचे वेगळे पैसे नाहीत. दुसरा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात टाकला. सासूबाईंना या वेळी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेव्हानला यायचंय, कारण इराणी लोकांना आर्मेनियातही व्हिसा लागत नाही आणि तिथल्या पायऱ्या कमी आहेत असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. आमच्या बाजूने व्हिसाचं काय करावं लागतं ते विचारायला आर्मेनियाच्या दूतावासाला पत्र लिहिलंय. उत्तर आलं की इथेच कळवीन.